तिसऱ्या अंकात बस कायले आली

सर्व संबंधितांना, असंबंधितांना आणि जे नुसते चहा प्यायला आले आहेत त्यांनाही अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, वडसा मुक्कामी, एका राइस मिलच्या रिकाम्या गोदामात, भर दुपारी, एक तीन अंकी सामाजिक नाटक निपचित पडलेल्या अवस्थेत आढळून आले. अंगावर जखमा नव्हत्या. संवाद धडधाकट होते, टाळ्यांच्या जागा जागच्या जागी होत्या, पहिल्या अंकाला पडदा वेळेवर पडला होता. फक्त नाडी लागत नव्हती. नाटककार घटनास्थळी हजर होता आणि त्याला शेवटपर्यंत काहीही संशय आला नाही.

तो नाटककार मी. आता बसा, सगळं सांगतो.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम लागतो. गावोगाव शंकरपट भरतात. दिवसा बैलजोड्या पळतात, रात्री नाटक होतं, आणि घरोघरी इतके पाहुणे असतात की घरमालकाला स्वतःच्या खाटेवर जागा मिळत नाही. कोणतं नाटक न्यायचं ते ठरवायला गावची मंडळं आधी वडशाला येतात. त्या दिवसांत आमच्या मुख्य रस्त्यावर नाटक कंपन्यांच्या पाट्या अशा दाटीनं लागतात की, न्हाव्याचं दुकान शोधणारा माणूस चुकून नाटक ठरवून घरी जातो.

अशा एका कंपनीत मी बावीस हिवाळे प्रॉम्प्टर होतो. बाकीचे आठ महिने राइस मिलमध्ये पोत्यांवर नंबर टाकायचे आणि हिवाळा लागला की विंगेत स्टुलावर बसून दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजायची. बावीस वर्षं माणूस असं कुजबुजत राहिला की त्याच्या डोक्यात एक खतरनाक कल्पना शिरते. त्याला वाटतं, हे तर मलाही लिहिता येईल. मी ही कल्पना मनात ठेवली असती तर बरं झालं असतं. पण मी तालमीत बोलायचो. हा प्रवेश लांबला, ती आत्या उगाच आली, हा खलनायक मरायला फार वेळ लावतो, असं.

कंपनीच्या मालकीणबाईंनी ते बरीच वर्षं ऐकून घेतलं. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात. एके काळी त्या एंट्रीला आल्या की मागच्या रांगेतले लोक उभे राहायचे. आता त्या आईच्या भूमिका करतात आणि लोक अजूनही उभे राहतात. एका सकाळी त्या पानाचा डबा बंद करून मला म्हणाल्या,

"भाऊ, दुसऱ्याच्या नाटकातल्या एवढ्या खोड्या काढून राह्यले, तं लिहा ना तुम्हीच एक."

"लिहीन ना बाई."

"महिन्याभरानं पोंभुर्ण्याकडच्या एका गावचं मंडळ येऊन राह्यलं. त्याईले इथंच करून दाखवू. त्याईनं नेलं, तं हंगामभर तुमचं नाटक चालवते. नाई नेलं, तं मागच्या सालचंच चालवते. मंग तुम्ही तुमच्या स्टुलावर, अन् आयुष्यात परत आत्याले नावं ठेवायची नाई. कबूल?"

मी कबूल केलं. का, ते लाजत लाजत सांगतो. नाटक ठरलं की गावागावात भोंगा लावलेली गाडी फिरते. त्या भोंग्यातून नाटकाचं नाव, नायिकेचं नाव, नाचणारीचं नाव आणि मग लेखकाचं नाव पुकारतात. प्रॉम्प्टरचं नाव पुकारत नाहीत. मी पन्नाशी ओलांडली होती आणि मला त्या भोंग्यात एकदा जायचं होतं. बस, एवढंच. पण एवढं हवं होतं की रात्री झोपेत मी स्वतःच भोंगा व्हायचो आणि बायको उठवायची.

नाटकाचा विषय मी असा जबरदस्त निवडला की मलाच माझा हेवा वाटला. नदीपलीकडचं एक गाव. तिथं एसटी येत नाही. गावाला एसटी पाहिजे. झालं! स्पष्ट, सगळ्यांना समजणारं, डोळ्यासमोर दिसणारं ध्येय. मग मी गावातल्या प्रत्येक माणसाला त्या ध्येयामागे लावलं. तरुण नायक म्हणतो, एसटी आलीच पाहिजे. म्हातारी आई म्हणते, एसटी आलीच पाहिजे. पोलीस पाटील मिशीवर हात फिरवून म्हणतो, एसटी आलीच पाहिजे. किराणा दुकानदार तेवढा म्हणतो, येऊ देणार नाही. का? तर तो खलनायक आहे म्हणून. मी आठ दिवसांत तीन अंक हातावेगळे केले.

आता आमच्यात एक रीत आहे. प्रत्येक नटाला त्याच्या त्याच्या वाक्यांचा वेगळा कागद हातानं उतरवून द्यायचा. त्याला नक्कल म्हणतात. छापील कागदावरून पाठांतर होत नाही अशी बाईंची ठाम समजूत आहे. नकला उतरवायचं काम प्रॉम्प्टरचं, म्हणजे लेखकानं प्रॉम्प्टरला सांगितलं आणि प्रॉम्प्टर रात्रभर बसला. पहाटे डोळे मिटत असताना मी दोन नकलांवर नावं टाकताना अदलाबदल केली. नायकाची नक्कल गेली पोलीस पाटलाकडे. पाटलाची नायकाकडे. दोघंही भली माणसं. दोघांनीही आठवडाभर इमानदारीनं पाठ केलं.

तालीम सुरू झाली. आमचा पोलीस पाटील करणारा नट साठीचा, गुडघ्यावर हात ठेवून उठणारा, पावसाळ्यात धान रोवणारा माणूस. तो मध्ये आला आणि गरजला, "या मातीची शपथ घेऊन सांगतो, एसटी आल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही!" वा! नायक करणाऱ्या तरुणानं मिशी नसलेल्या ओठावर हात फिरवून उत्तर दिलं, "गाव जागं झालं आहे. एसटी येणार!" वा, वा! पेटीवाला सूर देत होता. बाई मान डोलवत होत्या. मी संहिता मांडीवर ठेवून डोळे मिटून ऐकत होतो, कारण स्वतःचं लिहिलेलं डोळे मिटूनच चांगलं लागतं. पहिला अंक संपला. पडदा पडला म्हणून समजलो. सगळ्यांनी चहा घेतला.

दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश प्रेमाचा. नायिका विहिरीवर उभी. समोरून साठीचा पोलीस पाटील आला, गुडघा धरला, आणि तिला म्हणाला, "तुझ्या डोळ्यांत मला आपल्या गावाचं भविष्य दिसतं." नायिका बिचारी शिस्तीची पोरगी. नकलेत लिहिलं होतं, लाजते. ती लाजली.

बाईंचा सुपारी कातरणारा हात थांबला.

"थांबा थांबा थांबा. हे पोट्टी बुढ्याले काऊन लाजून राह्यली?"

"माह्या कागदात लिवलं हाये," नायिका म्हणाली.

"माह्याबी कागदात लिवलं हाये," पाटील म्हणाला. "मले वाटलं, यंदा माहा रोल वाढवला."

नकला तपासल्या. चूक सापडली. हसण्याचा असा कल्लोळ झाला की शेजारच्या मिलमधली माणसं पाहायला आली. मीही हसलो. मी सगळ्यात जोरात हसलो, कारण मला वाटलं, हा विनोद अदलाबदलीचा आहे. बाई हसत नव्हत्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "पह्यला पुरा अंक झाला. हिरोचं भाषण पाटलानं म्हटलं, पाटलाचं हिरोनं म्हटलं. कोणाले कळलं? मले नाई कळलं. पेटीवाल्याले नाई कळलं. तुमाले कळलं?"

मी स्टुलावरून उठलो. बाईंच्या प्रश्नाचं उत्तर, मलाही नाही कळलं, हेच होतं. माझ्या गावातल्या कुठल्याही माणसाच्या तोंडात कुठल्याही माणसाचं वाक्य घातलं तरी ते सरळ आत जात होतं. सगळ्यांना एसटी पाहिजे होती, हे खरं. पण ती कोणाला कशासाठी पाहिजे, हे मला माहीत नव्हतं. मी एका माणसाची दहा तोंडं केली होती आणि त्याला गाव म्हणत होतो.

"दहा दिवस हाये," बाई म्हणाल्या. "मंडळ येईन तेव्हा येईन. मले मागच्या सालचं नाटक पाठ हाये. तुमी तुमचं पाहा."

त्याच आठवड्यात मी कपड्यांच्या मापाची वही घेऊन मास्तरांकडे गेलो. मास्तर म्हणजे बाजारातले शिंपी. त्यांच्या वडिलांपासून आमच्या कंपन्यांचे कपडे त्यांच्या दुकानात शिवतात. नमाजाला जाऊन येईपर्यंत दुकान तसंच उघडं राहतं आणि एक सुई हलत नाही, असा त्यांचा वट. मी मापं सांगायला लागलो. छाती इतकी, बाही इतकी.

"वो ठीक है," मास्तर म्हणाले. "ह्याले टेन्शन कायचं हाये, ते सांगा."

"कोणाले?"

"ह्या तुमच्या दुकानदाराले. कुडता कोणाचा कापून राह्यलो मी?"

"त्याले एसटी येऊ द्यायची नाई."

मास्तरांनी कात्री खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे, एखाद्या गिऱ्हाइकानं उलटं धरलेलं कापड आणावं, तसं पाहिलं.

"भाऊ, त्याले काय पायजे ते तो तोंडानं सांगतेच ना स्टेजवर? त्याच्यासाठी कपडा कायले? मले ते सांगा जे तो सांगत नाई. हे पाहा, ज्याले दुकानाचं टेन्शन हाये, त्याचा हात घडीघडी किल्लीवर जाते. त्याचा खिसा मी खोल ठेवतो, बाजूनं. ज्याले लोकं काय म्हणतीन त्याचं टेन्शन, त्याची कॉलर मी कडक करतो, तो मान वळवतच नाई मंग. ज्या मायचा जीव लेकीत अडकला, तिच्या पदराले मी गाठ मारायची जागा ठेवतो. आता सांगा, खिसा कुठी ठेवू?"

सात माणसांची मापं माझ्या वहीत होती आणि सातांपैकी एकाचाही खिसा कुठे ठेवायचा ते मला माहीत नव्हतं! मी वही मिटली आणि बाजारातून असा धावत सुटलो की ओळखीच्या दोघांनी घरी सगळं ठीक आहे ना म्हणून विचारलं. ठीक? अहो, मला जगातलं सगळ्यात मोठं गुपित एका शिंप्यानं कापडाच्या तुकड्यासारखं हातात दिलं होतं. माणूस काय मागतो ते वेगळं, आणि माणसाला आत काय टोचतं ते वेगळं!

पण उत्साहात माणूस किती गाढव होतो ते आता ऐका.

मी प्रत्येकाला एक टोचणी दिली. भरघोस दिली, हात आखडता घेतला नाही. पोलीस पाटलाला बहिरेपण दिलं आणि ते लपवण्याची धडपड. नायकाला टक्कल पडायची भीती. दुकानदाराला आम्लपित्त. नायिकेला सावत्र बहिणीचा मत्सर. म्हाताऱ्या आईला हरवलेली शेळी. चार दिवसांनी पुन्हा तालीम झाली आणि काय सांगू, नट पेटले! पाटील असा बहिरा झाला की आम्हीही त्याच्याशी मोठ्यानं बोलायला लागलो. नायक दर दोन वाक्यांनी डोक्यावरून हात फिरवायचा. बाईंनी ती शेळी अशी शोधली की पेटीवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिला अंक झाला, दुसरा झाला, तिसरा रंगात आला आणि मग प्लायवूडची एसटी विंगेतून पुढं सरकली. ती ढकलणारे दोघं, कंडक्टर करणारा नट आणि स्वतः एसटी, असे चौघं मध्ये येऊन उभे राहिले.

कोणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाटलानं, ऐकू येत नाही म्हणून. नायक आरशात पाहत होता म्हणून. दुकानदार पोट धरून बसला होता. बाई शेळीमागे गेल्या होत्या.

कंडक्टर थोडा वेळ थांबला. मग मला हळूच म्हणाला, "मी जाऊ का?"

बाई शेळी सोडून आल्या. कमरेवर हात ठेवून त्या एसटीकडे पाहत राहिल्या.

"भाऊ, एक सांगा. तिसऱ्या अंकात बस कायले आली?"

मी संहितेची पानं मागंपुढं करून पाहिली.

"पह्यले सगळ्याईले बसच पायजे होती, माणूस कोणीच नोता. आता सगळे माणूस हाये, बस कोणाले नाई पायजे. हे काय करून राह्यले तुमी? शनिवारी मंडळ येऊन राह्यलं. मी उद्यापासून मागच्या सालच्या नाटकाची तालीम घेते. तुमचं झालं तं झालं."

त्या दिवशी घरी मी जेवलो नाही. बायकोनं ताट झाकून ठेवलं आणि सांगितलं की परवा जिवतीला साक्षगंधाला जायचं आहे, तोंड असं घेऊन येऊ नका, मुलाकडचे लोक घाबरतील. साक्षगंध म्हणजे साखरपुडा, तिच्या बहिणीच्या मुलीचा. मी नको म्हणालो. तिनं ऐकलं नाही, आणि माझ्या नाटकावर तिनं केलेला हा सगळ्यात मोठा उपकार आहे, जो तिला आजही माहीत नाही, कारण सांगितला तर ती वर्षभर वापरेल.

गाडीनं बल्लारशापर्यंत गेलो, तिथून पुढं जीप केली. आम्ही चौघं. मी, बायको, माझे वडील आणि कॉलेजात असलेली मुलगी. जीप घाट चढायला लागली. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, मध्येच कापसाचे तुकडे. बाबा ड्रायव्हरला सारखं म्हणत होते, "थोडी दाबा ना जी." बायको म्हणत होती, "घाट हाये, आरामानं चालू द्या." मुलगी खिडकीतून बाहेर पाहत गप्प होती. मी मागच्या सीटवर माझ्या मेलेल्या नाटकाशेजारी बसलो होतो.

आणि जिवतीच्या अलीकडे जीपचा टायर फुटला.

फट्ट! जीप थांबली. मी सहज मान वर केली आणि मला तीन तोंडं दिसली. तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. एकच टायर, एकच रस्ता, एकच साक्षगंध, आणि तीन तोंडांवर तीन वेगळ्या गोष्टी! बाबांचं तोंड पडलं होतं, कारण त्यांना नवऱ्या मुलाच्या आजोबांना पंगत बसायच्या आधी गाठायचं होतं. दोघं एकेकाळचे जीवलग, मध्ये कशावरून तरी बोलणं तुटलेलं, आणि बाबांना ते सगळ्यांसमोर नाही, आधी एकट्यात मिटवायचं होतं. बायकोचं तोंड एकदम मोकळं झालं होतं, कारण आता कोणी उशिराबद्दल बोललंच तर टायर दाखवता येणार होता. लवकर पोचलं असतं तर बहिणीनं स्वयंपाकघरात कोंडलं असतं आणि दिवसभर एकच प्रश्न विचारला असता, आमच्या पोरीचं कधी? आणि मुलगी? मुलगी चक्क हसत होती. तिला ठाऊक होतं की मुलाकडच्यांत एक लग्नाचा चुलतभाऊ आहे, आणि तिला दाखवण्यापुरतंच बोलावलेलं आहे.

"किती वेळ लागन जी?" बाबांनी घाबरून विचारलं.

"किती वेळ लागन?" बायकोनं आशेनं विचारलं.

"दुसरा टायर नसन तं राहू द्या," मुलगी म्हणाली.

मी ओरडलो. खरंच ओरडलो, कारण ड्रायव्हरच्या हातातला जॅक पडला. मी म्हणालो, "बस! बस! सगळे बसमधी बसले पायजे!" बायकोला वाटलं, माझ्या डोक्यावर परिणाम झाला. मी रस्त्याच्या कडेला एका दगडावर बसलो, खिशातली वही काढली आणि लिहायला लागलो. अहो, मी इतके दिवस एकच चूक दोन्ही बाजूंनी करत होतो! पहिल्यांदा मी सगळ्यांना जीपमध्ये बसवलं आणि कोणाच्याच पोटात काही ठेवलं नाही. दुसऱ्यांदा मी प्रत्येकाच्या पोटात काहीबाही भरलं आणि त्यांना रस्त्यावर मोकळं सोडलं. जीप जिवतीला पोचते की नाही, हा सगळ्यांचा एकच प्रश्न. पण ती पोचण्यानं एकाचा जीव भांड्यात पडणार आणि दुसऱ्याचा भांड्यातून बाहेर येणार. ज्याच्या चिंतेला जीपशी घेणं नाही, तो आमच्या जीपमध्ये नाही. टकलाची भीती आमच्या जीपमध्ये नाही. शेळी तर अजिबात नाही.

टायर बदलेपर्यंत मी तिसरा अंक मांडला. पंगत चुकली. बाबांनी त्या आजोबांना हात धुण्याच्या नळाजवळ गाठलं आणि दोघं पाऊण तास तिथंच उभे राहिले. मुलीनं चुलतभावाला सांगितलं की तिला पुढे शिकायचं आहे, आणि त्यानं सांगितलं की त्यालाही. मी मात्र मांडवाच्या कोपऱ्यात पत्रावळीवर लिहीत होतो, कारण वही संपली होती.

नव्या नाटकात गावाला एसटीच पाहिजे होती, ते मी बदललं नाही. पण आता म्हाताऱ्या आईची एकुलती लेक नदीच्या दुसऱ्या काठाला दिलेली, पहिलं बाळंतपण जवळ आलेलं, आणि आईचे पाय थकलेले. एसटी आली तरच ती लेकीच्या उशाशी पोचणार. दुकानदार आता वाईट माणूस राहिला नाही. त्याला भीती होती की एसटी आली की लोक बाजाराला तालुक्याला जातील आणि त्याच्या दुकानाचं शटर त्याच्याच डोळ्यासमोर गंजेल. पाटलाला गावात कोणी विचारायचं ते फक्त या कारणानं की बाहेरची बातमी तो आणायचा. आणि नायक, जो एसटीसाठी अर्जावर अर्ज करतो, त्याला शहरातून नोकरीचं बोलावणं आलेलं. रस्ता नाही म्हणून तो आजवर राहिला. एसटी आली की त्याच्याजवळ न जाण्याचं कारण उरणार नव्हतं, आणि तो शहराला मनातून जाम घाबरत होता. कापायला दिलं तेव्हा मास्तरांनी ऐकलं, दुकानदाराचा खिसा खोल ठेवला आणि नुसतं म्हणाले, "अब आदमी दिखा."

बाईंनी दोन दिवसांत नवं पाठ केलं. मागच्या सालच्या नाटकाची तालीम त्यांनी त्या दोन दिवसांत घेतली नाही. मी मनात नोंद केली आणि घाबरून ती लगेच खोडली.

शनिवारी दुपारी मंडळ आलं. पाच जण, एका जीपमधून. सगळे धान आणि सोयाबीनवाले शेतकरी, चार तरणे आणि एक वडीलधारे, खांद्यावर दुपट्टा टाकलेले. बाकीचे त्यांना नुसतं दाजी म्हणत होते. निर्णय दाजींचा, हे बसण्यावरूनच कळलं. चौघं सतरंजीवर बसले आणि दाजींना खुर्ची दिली, तर त्यांनी ती आमच्या स्टेजकडे पाठ करून ठेवली.

"दाजी, इकडे तोंड करा ना जी," बाई म्हणाल्या.

"ऐकू येते मले," दाजी म्हणाले. त्यांनी खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीची, पन्नी काढली आणि चोळायला घेतली. "पह्यलेच सांगून ठेवतो बाई. सामाजिक आमाले नाई पायजे. दोन साल झाले, आमच्या गावच्या बाया पुरी रात्र रडल्या, अन् सकाळी चहा कोणी केला नाई. कामेडी पायजे, डान्स पायजे. तुमचं जुनं होतं ते बरं होतं."

बाईंनी विंगेत माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड कसं झालं असेल ते मला माहीत नाही, पण त्या दाजींना म्हणाल्या, "दोन तास बसा. मंग जुनं तं हायेच."

पुढं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, नाहीतर शेवटी मला बोलायला मिळणार नाही. त्या मंडळानं त्यांच्या पटासाठी हेच नाटक नेलं. हंगामात ते बऱ्याच गावांत झालं. भोंग्यातून माझं नाव पुकारलं गेलं, चुकीचं पुकारलं, पण पुकारलं. आता मागं जाऊ, त्या गोदामात.

पहिल्या अंकात चौघं तरणे हसले, जिथं हसायचं तिथं. दाजी खर्रा चोळत होते. दुसऱ्या अंकात दुकानदार रिकाम्या दुकानात एकटाच उभा राहून खोल खिशात किल्ली फिरवतो, तेव्हा चौघांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "याचंबी बरोबर हाये गड्या," आणि दुसरा म्हणाला, "कायचं बरोबर? बुढीनं का पायी जावं?" दोघं कुजबुजत भांडायला लागले. मला नाचावंसं वाटलं. आजवर माझ्या गावात कोणाचं भांडण लागलं नव्हतं. दाजींनी मात्र मान वळवली नाही. फक्त चोळण्याची गती कमी झाली, असं मला वाटलं, पण माझ्या डोळ्यांवर माझा विश्वास उरला नव्हता.

मग तिसरा अंक. एसटी पहिल्यांदा येते ती चाचणीसाठी. साहेबांची अट अशी की फाट्यावर एकही प्रवासी नसेल तर ही गाडी पुन्हा येणार नाही. इकडे लेकीकडून निरोप आलेला, पोटात दुखायला लागलं. म्हातारी गाठोडं बांधून निघालेली. दुकानदारानं वाटेत बैलगाडी आडवी लावलेली. पाटलानं चुकीची वेळ सांगितलेली. आणि नायक फाट्याजवळच्या झाडामागे उभा. त्यानं नुसता हात केला असता तरी गाडी थांबली असती. त्याचा हात उठत नाही.

स्टेजवर फक्त प्लायवूडची एसटी आणि कंडक्टर. कंडक्टर डावीकडे पाहतो. उजवीकडे पाहतो. कोणी नाही. विंगेत माझ्या शेजारी बाई गाठोडं घेऊन उभ्या होत्या आणि काठी आपटत होत्या. टक. टक. लांबून आल्यासारखी. मी त्या जागी एकही वाक्य लिहिलं नव्हतं. प्रॉम्प्टर म्हणून बावीस वर्षांत मला अशी जागा मिळाली नव्हती, जिथं कोणाला काहीच आठवून द्यायचं नव्हतं. मी संहिता मिटली. कंडक्टरनं घंटीच्या दोरीला हात घातला.

गोदामात खुर्ची जोरात सरकल्याचा आवाज झाला. मी विंगेतून डोकं काढलं. दाजी उभे होते, आमच्याकडे तोंड करून. खर्रा जमिनीवर सांडला होता, दुपट्टा एका खांद्यावरून लोंबत होता आणि हात असा उंच गेला होता की जणू ते भर रस्त्यात उभे आहेत.

"अबे ओ कंडक्टर! थांबव ना बे गाडी, बुढी येऊन राह्यली!"